सौंदर्यशाळेतील शिक्षण आणि श्रमाचे मोल

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेर पडले की औषधांचे दुकान, मोबाइल दुरुस्तीचे दुकान आणि पतसंस्थेची कचेरी यांच्या जोडीला आणखी एक पाटी हटकून दिसते : ब्युटी पार्लर. तिच्याखाली लहान अक्षरांत लिहिलेले असते, 'येथे कोर्स शिकवले जातील'. या दुसऱ्या ओळीकडे पुरोगामी चळवळीचे लक्ष आजवर फारसे गेलेले नाही. सौंदर्यप्रसाधनाचा विषय निघाला की समाजवादी मंडळी दोनपैकी एक पवित्रा घेतात. एक नाक मुरडण्याचा : भांडवलशाहीने स्त्रीच्या देहाची बाजारपेठ केली, तिचेच हे दुकान. दुसरा थट्टेचा. दोन्हींत सोय अशी की त्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी नजरेआड राहते. गिऱ्हाईक दिसते, जाहिरात दिसते, मक्तेदार कंपनी दिसते. कामगार तेवढी दिसत नाही. गिरणीतले तलम कापड कोणाच्या अंगावर जाते, यावरून गिरणी कामगारांच्या मागण्यांचे मोल चळवळीने कधी ठरवले नाही. तोच न्याय इथेही लावला पाहिजे.

प्रथम ही मुलगी शिकते काय, ते पाहावे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, 'कॉस्मेटॉलॉजी' या नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरते. २०२२ च्या फेररचनेनंतर वर्षाचे तास १,२०० झाले. त्यांपैकी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० सिद्धांताचे आणि १२० 'रोजगारक्षमता कौशल्ये' या भारदस्त नावाच्या विषयाचे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल, ब्लीच, केस कापणे, रंगवणे, नववधूची वेशभूषा हे सारे त्यात येतेच. पण त्याबरोबर त्वचेची रचनाही येते. बाह्यत्वचेचे थर कोणते, तळाच्या थरात जन्मलेली पेशी सुमारे चार आठवड्यांत पृष्ठभागावर येऊन कशी गळून पडते, निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी का असते आणि साबणाने ती आम्लता कशी मोडते, उपकरणे नुसती धुणे आणि निर्जंतुक करणे यांत फरक काय, हे तिला शिकावे लागते. ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइड अमोनियाबरोबर कसे वागते, हे तिला ठाऊक असावे लागते. थोडक्यात, शरीरशास्त्र, रसायनशास्त्र आणि आरोग्यशास्त्र यांचा एक लहानसा पण खराखुरा भाग दहावी झालेल्या मुलीच्या हाती पडतो. शाळेत विज्ञानाच्या तासाला जे फळ्यावर राहिले, ते इथे हाताला लागते. या शिक्षणाला हिणवणाऱ्यांनी त्याचे पाठ्यपुस्तक एकदा चाळून पाहावे.

मात्र ही झाली सरकारी संस्थेची गोष्ट. या व्यवसायातील बहुसंख्य मुली तेथून येत नाहीत. त्या येतात खासगी अकादमींतून, किंवा कोणा पार्लरवालीच्या हाताखाली शिकून. खासगी अभ्यासक्रमाची फी काही हजारांपासून काही लाखांपर्यंत कुठेही असू शकते, आणि फी व शिक्षण यांचे प्रमाण तपासणारी कोणतीही यंत्रणा नाही. भिंतीवर 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द लावला की आकडा फुगतो. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या साऱ्याच पदविका पोकळ असतात, असे नव्हे. १९४६ मध्ये ब्रुसेल्स येथे स्थापन झालेल्या आणि आता झुरिचहून कारभार करणाऱ्या सिडेस्को या संस्थेची पदविका जगभर मानली जाते, आणि तिची परीक्षा कठीण असते. पण अशा एका नावाच्या सावलीत शंभर शिक्के उभे राहतात, आणि साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या मुलीच्या वडिलांना त्यांतला खरा कोणता, हे कळण्याचा मार्ग नसतो. करव्यवस्थेनेही या गोंधळात आपला वाटा उचलला आहे. मान्यताप्राप्त व्यवसाय-अभ्यासक्रमाला वस्तू व सेवा करातून सूट आहे. मान्यता नसलेल्या खासगी वर्गाच्या फीवर मात्र अठरा टक्के. म्हणजे जिला सरकारी जागा मिळाली नाही, तिनेच जादा फी भरायची आणि वर करही. उलट, पार्लरमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरावरून पाचावर आला. सौंदर्य विकत घेणे स्वस्त झाले. ते घडवण्याची विद्या शिकणे होते तसेच राहिले.

फी भरून झाली, प्रमाणपत्र मिळाले, की पुढची पायरी 'अनुभवा'ची. सहा महिने, कधी वर्षभर, मुलगी एखाद्या पार्लरमध्ये बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर राबते. झाडलोट, टॉवेल धुणे, मेण गरम करणे, गिऱ्हाइकाचे पाय धुणे ही कामे तिच्या वाट्याला येतात, आणि कात्री हाती येण्याची वाट पाहण्यात दिवस जातात. या व्यवहाराला 'शिकवणे' म्हणतात. वस्तुतः देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनी शिकाऊ उमेदवाराचे किमान विद्यावेतन शैक्षणिक पात्रतेनुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपयांच्या दरम्यान ठरवले. पण उमेदवार घेण्याची सक्ती तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक. आणि चारपेक्षा कमी माणसे असतील तर ही योजना तिथवर पोचतच नाही. गावोगावची पार्लरे नेमकी या शेवटच्या वर्गात मोडतात : मालकीण, एक कारागीर आणि एक 'शिकणारी'. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीतून मोकळे करून केवळ माहिती कळवण्यापुरते बांधले. कामगार राज्य विमा योजनेची अटही दहा माणसांचीच. लहान उद्योगाला जाचातून सोडवण्याच्या नावाखाली लहान उद्योगातील कामगाराला कायद्यातून सोडवले गेले.

इथे एक प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. हा व्यवसाय परवान्याखाली आणावा काय? भारतात ब्युटीशियनला परवाना लागत नाही. उद्या कोणीही पाटी लावावी आणि परवा कोर्स शिकवावेत. अमेरिकेत याच्या उलट टोक दिसते. तेथे राज्यागणिक ठरावीक तास सौंदर्यशाळेत काढल्याखेरीज केसाला कात्री लावता येत नाही. आयोवा राज्यात हे तास दीर्घकाळ २,१०० होते. कॅलिफोर्नियात ते १,६०० होते, २०२२ पासून १,००० झाले. एवढे तास कशासाठी? याचे उत्तर तेथील सौंदर्यशाळांच्या हिशेबवहीत सापडते. विद्यार्थिनी शाळेच्याच सलूनमध्ये बाहेरच्या गिऱ्हाइकांवर 'सराव' करते. गिऱ्हाईक पैसे शाळेला देते. विद्यार्थिनी उलट शाळेला फी देते, आणि ती फी पुष्कळदा सरकारी शैक्षणिक कर्जातून येते. तास जितके अधिक, तितका हा फुकटचा श्रम अधिक. २०१६ मध्ये मॅरिनेलो ही सौंदर्यशाळांची मोठी साखळी संघराज्य सरकारने कर्जसाहाय्य रोखताच बंद पडली आणि हजारो विद्यार्थिनी मध्येच उघड्यावर आल्या. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया घरी आईकडून शिकलेली वेणी घालण्याची कला विकू लागल्या, तर त्यांच्याकडूनही अनेक राज्यांत वर्षानुवर्षे असलाच परवाना मागितला गेला, आणि त्यासाठी ज्या शाळेत जायचे तेथे वेणी शिकवलीच जात नव्हती.

मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ च्या आपल्या पुस्तकात न्हाव्यांच्या परवान्यांची खिल्ली उडवली, तेव्हा त्यांच्याजवळ मुद्दा होता, हे समाजवाद्यांनीही मान्य करावे. त्यांच्या आधी १७७६ मध्ये अॅडम स्मिथने सक्तीच्या दीर्घ उमेदवारीवर हल्ला चढवला होता, तोही गरीब कारागिराच्या बाजूने : त्याची सारी मिळकत म्हणजे त्याच्या हातांतले बळ आणि कसब, आणि तीच वापरण्यास त्याला मज्जाव होतो. हा मुद्दा उजव्या अर्थशास्त्रज्ञांना आंदण देण्याचे काहीच कारण नाही. परंतु फ्रीडमनचा पुढचा निष्कर्ष, म्हणजे बाजारात गिऱ्हाईकच चांगले-वाईट निवडून घेईल, हा येथे टिकत नाही. तो का टिकत नाही, हे केसांच्या रंगाच्या एका साध्या उदाहरणावरून कळते.

काळ्या कलपात आणि 'काळी मेहंदी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ मिश्रणांत पॅराफेनिलीनडायमीन नावाचे रसायन असते. काही जणांना त्याचे तीव्र वावडे असते. चेहरा सुजतो, डोळे मिटतात, टाळूवर फोड येतात. म्हणून प्रत्येक सौंदर्यशाळेत शिकवले जाते की रंग लावण्यापूर्वी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा रंग लावून पाहावा. याला पॅच टेस्ट म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न विचारला जातो, विद्यार्थिनी बरोबर उत्तर लिहिते. मग ती पार्लरमध्ये उभी राहते. संध्याकाळी हळदीचा कार्यक्रम असलेली बाई दुपारी येऊन म्हणते, केस रंगवून दे. मुलीने सांगितले की दोन दिवस आधी यायला हवे होते, तर बाई समोरच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जाते, जिथे कोणी काही विचारत नाही. मालकिणीच्या लक्षात येते की 'शिकलेल्या' मुलीने गिऱ्हाईक घालवले. तिसऱ्या वेळी मुलगी विचारणे सोडते. अभ्यासक्रमाने दिलेले ज्ञान बाजाराने अशा रीतीने काढून घेतले. इथे गिऱ्हाईक चांगले-वाईट निवडते खरे. पण वावड्याचा धोका त्याला दिसत नाही आणि दोन दिवसांचा खोळंबा दिसतो. सावधपणे काम करणारी हरते आणि बेफिकीर जिंकते. अशा ठिकाणी सर्वांना सारखा लागू होणारा नियम हाच सावध कारागिराचा आधार असतो. प्राणांतिक अपघात होऊ नयेत म्हणून यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती जेव्हा कारखाना कायद्यात आली, तेव्हा भल्या कारखानदारालाही ती हवीच होती.

धोका केवळ गिऱ्हाइकाला नाही. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. त्याच संस्थेने केशकर्तन व्यवसायातील एकूण रसायनसंपर्काला १९९३ मध्येच 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले होते. गिऱ्हाईक ती वाफ वर्षातून दोनदा हुंगते, कामगार मुलगी रोज. दहा बाय बारा फुटांची खोली, वातानुकूलन चालू म्हणून खिडकी बंद. हातमोजे घालावेत असे पुस्तक सांगते. हातमोज्यांचा खर्च कोणी करावा, याबाबत पुस्तक गप्प आहे.

आता त्वचेच्या रंगाचा प्रश्न. याच ठिकाणी ही विद्या आपल्या समाजाच्या सर्वांत दुखऱ्या जागी येऊन पोचते. १९७५ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय महिला वर्ष म्हणून साजरे केले. त्याच वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, मोलकरणी, शेतमजूर स्त्रिया, विद्यार्थिनी, गृहिणी एकत्र आल्या. आणि त्याच वर्षी हिंदुस्तान लीव्हरने 'फेअर अँड लव्हली' ही मलमाची नळी बाजारात आणली. पंचेचाळीस वर्षे गोरेपणा विकल्यानंतर २०२० मध्ये तिच्या नावातील 'फेअर' जाऊन 'ग्लो' आले. याच १९७५ सालचा तिसरा एक धागा आहे. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाने त्वचा किती भाजते आणि किती सावळते यावरून तिचे प्रकार पाडले. प्रकाशोपचाराची मात्रा ठरवण्यासाठी ही वर्गवारी होती. प्रथम तिच्यात गोऱ्यांच्या त्वचेचेच चार प्रकार होते; तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा नंतर जोडला गेला. आज सौंदर्यशाळेत हेच सहा प्रकार शिकवले जातात, आणि भारतीय विद्यार्थिनीला कळते की आपली व आपल्या गिऱ्हाइकांची त्वचा चौथ्या-पाचव्या प्रकारात बसते, म्हणून तिला उन्हाचे चटके कमी लागतात, पण जखम किंवा जळजळ झाली की काळा डाग मात्र लवकर पडतो. एवढे एक वाक्य नीट समजले तर तीव्र ब्लीच आणि घासून काढणारी द्रव्ये या त्वचेवर का वापरू नयेत, हे आपोआप समजते. काळेपणा हा दोष नसून संरक्षण आहे, हे भाषणात सांगणाऱ्या कार्यकर्त्यापेक्षा शास्त्र शिकलेली ब्युटीशियन ते अधिक पटवून देऊ शकेल.

पण तिच्या हातात देण्यात येते भलतेच. गोरेपणाच्या बेनामी मलमांत पारा असतो. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, आणि त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडावर घाव घालतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी अशा मलमात नकळत राहणाऱ्या पाऱ्याची मर्यादा दहा लाखांत एक भाग इतकी खाली ठेवली आहे. तरीही केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले, तेव्हा त्यांपैकी १५ जणांत तो क्वचित आढळणाऱ्या प्रकारचा निघाला, आणि या पंधरांतील १३ जणांनी गोरेपणाची मलमे वापरल्याचे सांगितले. दुसरे विष स्टिरॉइडचे. चार दिवसांत चेहरा उजळतो, चार महिन्यांत कातडी पातळ होऊन लाल पडते, आणि मलम बंद केले की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या १४ स्टिरॉइडांना डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या यादीत आणले. पण चिठ्ठी विचारणारे दुकान शोधावे लागते. ही मलमे गिऱ्हाइकापर्यंत पुष्कळदा पोचतात ती 'ताईंनी सांगितले' म्हणून, आणि त्या ताईला ती डबी कोणा वितरकाने जास्त कमिशनच्या लालचीने दिलेली असते. दोष तिच्या एकटीच्या माथी मारून चालणार नाही. तिच्या शिक्षणात या विषयाला किती तास मिळाले आणि तिच्या कमाईत कमिशनचा वाटा किती, हे आधी विचारले पाहिजे.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान उलटून पाहणे योग्य होईल. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवली आणि विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतील लोखंडे हे गिरणी कामगारांचे पहिले संघटक. वस्तरा ज्यांच्या हाती, त्यांनीच वस्तरा उचलायला नकार दिला. कायद्याने वा शास्त्रार्थाने जे जमत नव्हते, ते कारागिरांच्या ठरावाने काही प्रमाणात तरी जमले. त्या नकारामागे दोन गोष्टी होत्या : आपण काय करतो आहोत याची जाण, आणि आपला नकार दुसरा कोणी मोडणार नाही ही खात्री. पहिली गोष्ट शिक्षणाने येते, दुसरी संघटनेने. पाऱ्याची डबी नाकारणारी एकटी ब्युटीशियन गिऱ्हाईक गमावते. गावातल्या साऱ्या जणींनी नाकारली तर वितरकालाच गाव सोडावे लागते.

नाभिकांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. गावगाड्यात केस कापणारा बलुतेदार होता, आणि त्याचे काम हलके मानले गेले. तेच काम इंग्रजी नाव घेऊन, आरसे आणि वातानुकूलन घेऊन आले, तेव्हा उच्चवर्णीय घरांतील मुलींनाही ते चालू लागले. श्रमाची प्रतिष्ठा वाढली की नावाची, हा प्रश्न आहे. 'सलून' म्हटले की जात आठवते, 'पार्लर' म्हटले की आठवत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या सांभाळली, त्याच्या मुलांना तीच विद्या लाखभर रुपयांच्या प्रमाणपत्राशिवाय नव्या दुकानात दाखवता येत नाही, यात खचितच काही चुकते आहे.

आणि संघटनेचे गोडवे गाताना एक कडू घोटही गिळला पाहिजे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील रंगभूषाकार व केशभूषाकारांची कामगार संघटना वर्षानुवर्षे स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सभासदत्व देत नव्हती. स्त्रीने केस करावेत, चेहरा रंगवणे पुरुषाचे काम, असा तिचा दंडक. कॅलिफोर्नियाच्या रंगभूषा विद्यालयातून शिकून आलेल्या चारू खुराणा यांना या दंडकामुळे काम नाकारले गेले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नियम घटनाविरोधी ठरवून रद्द केले. संघटनेचा बचाव असा होता की स्त्रिया आल्या तर पुरुषांची रोजी बुडेल. गिरण्यांतील रात्रपाळीपासून आजवर हा युक्तिवाद किती वेळा ऐकू आला! कामगारांच्या संघटनेविरुद्ध कामगार स्त्रीला न्यायालयात जावे लागले, ही गोष्ट डाव्या मंडळींनी विसरू नये, कारण त्यांतील फार थोड्यांनी त्या वेळी तोंड उघडले होते.

शिकून झाल्यावर मिळकत किती, हा अर्थकारणाचा गाभा. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बोमोल यांनी विल्यम बोवेन यांच्यासह १९६६ मध्ये रंगमंचीय कलांचा अभ्यास करताना एक गोष्ट दाखवली होती : यंत्राने कारखान्यातील उत्पादकता वाढते, पण चौघांच्या वादनाला पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. फेशियलचेही तेच. तासाभराचे काम तासाभराचेच राहते. त्यामुळे या धंद्यात नफा वाढवायचा तर मार्ग दोनच : दर वाढवणे, किंवा काम करणारीला अधिक पिळणे. दर वाढवणे गिऱ्हाइकाच्या ऐपतीवर अवलंबून. आणि दरवर्षी नव्याने शिकून बाहेर पडणाऱ्या मुलींची रांग मोठी असल्याने दुसरा मार्ग मालकाला सोपा जातो. त्यात 'नवरा कमावतो, हिची वरकड कमाई' हे गृहीत धरून पगार ठरतो, मग ती विधवा असो की परित्यक्ता.

मोबाइलवरून घरी ब्युटीशियन बोलावण्याची सोय आली, तेव्हा मधली मालकीण गेली आणि मुलगी स्वतःची मालक झाली, असा डंका पिटला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्राम येथे अर्बन कंपनीच्या कचेरीसमोर शंभरावर ब्युटीशियन बसल्या. कमिशन, दंड आणि कंपनीकडूनच प्रसाधने विकत घेण्याची सक्ती या त्यांच्या तक्रारी होत्या. कंपनीने काही सवलती जाहीर केल्या. पण डिसेंबरात पुन्हा निदर्शने झाली तेव्हा तिने आंदोलक स्त्रियांविरुद्ध न्यायालयात दावा दाखल केला. आपल्या 'भागीदारां'वर दावा! त्या नोकर असत्या तर औद्योगिक कलह कायदा लागू झाला असता. भागीदार म्हटल्याने तो टळला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. वेतन संहितेने किमान वेतन साऱ्या नोकरदारांना लागू केले, ही चांगली गोष्ट. पण मोबाइलवरून काम घेणारी बाई तिच्या व्याख्येत नोकरदार ठरत नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत तिचे नाव आले, आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरावेत असे ठरले. त्या निधीतून तिला नेमके काय आणि केव्हा मिळावे, यासाठी आता भांडावे लागेल.

जून २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारने टाळेबंदीनंतर सलून उघडण्यास परवानगी दिली ती केस कापणे, रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढ्यापुरतीच. त्वचेवरील उपचारांना मनाई होती. ज्या मुली केवळ फेशियल व त्वचानिगा शिकल्या होत्या त्यांचे हात आणखी काही काळ रिकामे राहिले, आणि भाड्याचा तगादा चालू राहिला. त्यांची संख्या किती हे शासनाला सांगता आले नसते. कारण त्यांची नोंदच कोठे नाही.

म्हणून अमेरिकेची हजार-दोन हजार तासांची अट इथे आणू नये, आणि आजचा मोकाट बाजारही तसाच ठेवू नये. स्वच्छता, रसायने आणि त्वचेची जुजबी ओळख एवढ्यापुरती एक सार्वजनिक परीक्षा ठेवावी. ती मराठीत व्हावी, फी नाममात्र असावी, आणि उमेदवार अकादमीत शिकली की आईच्या किंवा बापाच्या हाताखाली, हे विचारू नये. परीक्षा उत्तीर्ण होणारीची नोंद नगरपालिकेत व्हावी आणि पार्लरमध्ये ते प्रमाणपत्र दर्शनी लावावे. बिनपगारी 'अनुभवा'ला बंदी घालून, लहान पार्लरने शिकाऊ मुलगी ठेवली तर तिचे विद्यावेतन निदान पहिले सहा महिने शासनाने द्यावे. उद्योगांना देण्यात येणाऱ्या सवलतींपुढे ही रक्कम किरकोळ आहे. आयटीआयमधील जागा वाढवून संध्याकाळचे वर्ग सुरू करावेत, म्हणजे दिवसा राबणारीलाही शिकता येईल.

राहिला संघटनेचा प्रश्न. गिरणीला दरवाजा होता आणि दरवाजावर सभा घेता येत असे. पार्लरची कामगार गल्लीगल्लीत एकटी-दुकटी विखुरलेली. मोबाइलवर काम घेणारी तर रोज निराळ्या घरी. त्यांना गाठायचे कोठे, ही अडचण कार्यकर्ते नेहमी सांगतात. पण या व्यवसायातील वीस-पंचवीस मुली वर्षभर रोज एका छपराखाली बसतात अशी एक जागा आहे, आणि ती जिल्ह्याच्या प्रत्येक मोठ्या गावात आहे. परीक्षा झाली की त्या पांगतात. आयटीआयचे नवे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरात भरू लागतात, आणि दुपारी जेवणाची सुट्टी असते.